पहिली जुनी स्पोर्ट्‌स कार घेताना आधी पत्रा तपासा

प्रश्न : मी मूळचा सोलापूरचा असून काही वर्षांपासून इंग्लंडमध्ये लेस्टर येथे राहतो. छप्पर उघडता येणारी जुनी ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार आपल्याकडे असावी, ही कॉलेजच्या दिवसांपासूनची इच्छा आहे आणि त्यासाठी मी ८,००० पौंड बाजूला काढले आहेत. घराला लहानसे गॅरेज आहे आणि रोजच्या वापरासाठी दुसरी गाडी आहे. दुरुस्तीचा अनुभव नाही, पण शिकण्याची तयारी आहे. आतापर्यंत दोन गाड्या पाहिल्या. पहिली १९७१ ची, क्रोम बंपरची लाल एमजीबी. तिला नुकताच रंग दिला आहे आणि किंमत ७,७५० पौंड सांगतात. दुसरी १९७८ ची ट्रायम्फ स्पिटफायर १५००. ती एका सेवानिवृत्त गृहस्थांची आहे, रंग फिका पडला आहे, सीटचे कापड उसवले आहे आणि किंमत ४,६०० पौंड आहे. मित्र म्हणतात की एमजीबीच घे, पण रबर बंपरची मुळीच घेऊ नकोस. पत्नीचे म्हणणे असे की ही गाडी पैसे खातच राहील. आम्ही काय करावे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपण दोन्ही गाड्यांचे वर्णन केले आहे ते रंगाचे, बंपरचे आणि सीटच्या कापडाचे. दाराखालचा पत्रा कसा आहे, याबद्दल पत्रात एकही शब्द नाही. या गाड्यांच्या बाबतीत सगळा व्यवहार तिथेच ठरतो, म्हणून माझे उत्तर आधी थोडक्यात सांगतो. लाल एमजीबीला आज विसार देऊ नये. ८,००० पौंडांपैकी किमान २,००० पौंड गाडी घेतल्यानंतरच्या कामांसाठी राखून ठेवावेत, म्हणजे खरेदीची मर्यादा ६,००० पौंडांच्या आत राहील. या मर्यादेत, ज्या रबर बंपरच्या एमजीबीला आपले मित्र नाके मुरडतात, तीच आपल्याला सर्वांत योग्य ठरेल, अर्थात तिचा सांगाडा निकोप असेल तर. स्पिटफायर मात्र नाकारू नका. खाली सांगतो त्या तपासण्यांत ती उतरली, तर ती आपल्यासाठी फार चांगली पहिली गाडी होऊ शकते.

एमजीबी १९६२ मध्ये बाजारात आली आणि ऑक्टोबर १९८० मध्ये ॲबिंग्डनचा कारखाना बंद होईपर्यंत बनत राहिली. बंद छपराची जीटी धरून पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या, त्यामुळे आजही तिचा जवळजवळ प्रत्येक भाग नवा मिळतो, इतकेच नव्हे तर मूळ साच्यांवर काढलेला अख्खा सांगाडासुद्धा १९८८ पासून मिळू लागला आहे. तिच्या आधीच्या एमजीएला वेगळी चासी, म्हणजे खालची स्वतंत्र चौकट होती. एमजीबीला ती नाही. पत्र्याच्या पेट्या एकमेकींना वेल्ड करून हा सांगाडा उभा केलेला आहे आणि वर लोखंडी छप्पर नसल्यामुळे गाडी मधोमध खचू न देण्याचे काम मुख्यतः दोन्ही दारांखालच्या लांब पेट्या करतात. या पेटीला सिल म्हणतात. बाहेरचा पत्रा, त्याच्या आत एक उभा पडदा, आतला पत्रा आणि खाली पायऱ्यापायऱ्यांच्या आकाराची कॅसल रेल, असे तिचे चार भाग असतात. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मडगार्डाच्या आत, सिलच्या टोकाशी साचतो. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते त्या चिखलात मिसळते आणि ओल वर्षभर टिकते. अशा रीतीने गंज आतून सुरू होतो. बाहेरच्या रंगावर पहिला फोड दिसतो, तेव्हा आतला पडदा बहुतेक वेळा गेलेलाच असतो.

ही दुरुस्ती योग्य रीतीने करायची तर पुढच्या मडगार्डाचा खालचा भाग सोडवावा लागतो, मागच्या मडगार्डाचा खालचा तुकडा कापावा लागतो, गाडीला खालून नीट आधार देऊन जुनी पेटी पूर्ण काढावी लागते आणि चारही भाग नवे बसवावे लागतात. कारागिराकडून दोन्ही बाजू करून घेतल्या, तर रंगासह हा खर्च काही हजार पौंडांच्या घरात जातो आणि आपली सगळी शिल्लक त्यातच संपते. म्हणूनच बाजारात आडवाट धरणारे पुष्कळ असतात. गंजलेल्या सिलवर नवा पत्रा ठोकून वेल्ड करायचा, सांध्यात लांबी (पुट्टी) भरायची, वर काळा जाड लेप मारायचा आणि चकचकीत रंग द्यायचा. वाळवीने पोखरलेल्या चौकटीला ऑइलपेंट द्यावा तसाच हा प्रकार आहे, आणि ताज्या रंगाच्या गाडीकडे मी संशयाने पाहतो ते त्यामुळेच.

तपासणी स्वतः करता येते. तिला मेकॅनिक असण्याची गरज नाही, मात्र गुडघ्यांवर बसण्याची आणि वेळ देण्याची तयारी हवी. गाडी कोरडी असताना, दिवसाउजेडी पाहावी, कारण पावसाने भिजलेला रंग सगळे दोष झाकतो. आधी दोन्ही दारे बंद करून बाजूला उभे राहा आणि दाराच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत पाहा. ही फट सारख्या रुंदीची असली पाहिजे. ती वर चिंचोळी आणि खाली रुंद होत असेल, तर गाडी मधोमध खचली आहे, किंवा खचलेल्या अवस्थेतच आधार न देता तिला वेल्ड केले आहे, असे समजावे. हा दोष नंतर सहजी निघत नाही. पुढे दार उघडा, ते हाताने किंचित उचलून पाहा आणि बिजागरीतले ढिलेपण वेगळे ओळखा, कारण ते साधे काम आहे आणि त्यासाठी चांगली गाडी सोडू नये.

मग खाली वाका. लहानसे चुंबक पातळ कापडात गुंडाळून सिलच्या पूर्ण लांबीवर फिरवा, म्हणजे रंगावर ओरखडा येणार नाही आणि जिथे पत्र्याऐवजी लांबी आहे तिथे चुंबकाची पकड सुटल्याचे हाताला लगेच कळेल. विशेषतः पुढच्या मडगार्डाचा चाकामागचा खालचा कोपरा आणि दारामागून मागच्या चाकाकडे वळणारा कोपरा या दोन जागी थांबून पाहा. गाडीखाली टॉर्च मारल्यावर कॅसल रेलच्या पायऱ्या आणि वेल्डिंगचे मूळ ठिपके स्पष्ट दिसले पाहिजेत. तिथे पायऱ्यांऐवजी सपाट पट्टी दिसली किंवा ताज्या काळ्या लेपाचा थर दिसला, तर विक्रेत्याला कारण विचारा. शेवटी त्यांची परवानगी घेऊन सिलखालच्या जॅकच्या जागेवर गाडी उचलायला सांगा. चाक जमिनीवरून सुटेपर्यंत दाराची फट बदलता कामा नये आणि दार पूर्वीसारखेच उघडून बंद व्हायला हवे. कुरकुर ऐकू आली, दार अडकले, किंवा ‘तिथे जॅक लावू नका’ असे उत्तर मिळाले, तर आभार मानून निघावे. आतल्या बाजूला गालिचा उचलून पायाखालचा पत्रा पाहा आणि सीटमागचे झाकण काढून बॅटरीचा कप्पाही पाहा, कारण ॲसिडमुळे तो अनेकदा खाऊन गेलेला असतो. सुरक्षा पट्ट्यांचे खालचे बोल्टही याच भागात, म्हणजे सिल आणि मागच्या चाकाच्या कमानीलगत असतात, आणि त्यांच्या आसपासचा पत्रा कुजला असेल तर पट्टा असून नसल्यासारखा होतो. ज्या गाडीला एअरबॅगही नाही आणि छप्परही नाही, तिच्या बाबतीत ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

आता लाल गाडीविषयी. रंग देण्यापूर्वी पत्र्याचे काम झाले होते का, हा एकच प्रश्न तिच्या मालकांना विचारावा. ज्यांनी मनापासून काम करून घेतलेले असते त्यांच्याकडे उघड्या सिलची छायाचित्रे आणि कारागिराची बिले असतातच, आणि ते ती न मागता दाखवतात. असे काही नसेल, तर ७,७५० पौंड आपण मुख्यतः रंगाचे देत आहात. कागद असले तरीही अडचण आहे ती हिशेबाची. ती घेतल्यावर आपल्याकडे २५० पौंड उरतात आणि कोणत्याही जुन्या गाडीच्या पहिल्या वर्षात टायर, ब्रेकचे पाइप, रेडिएटर, बॅटरी यांपैकी काही ना काही निघतेच. टायरवरची नक्षी शाबूत दिसली म्हणून निर्धास्त राहू नये. कमी चाललेल्या गाडीचे टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात. त्यांच्या कडेवर शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. दहा वर्षांपेक्षा जुने टायर असतील तर त्यांची किंमत सौद्यातून वजा करावी.

आपल्या मित्रांच्या आक्षेपाकडे वळतो. १९७४ च्या शरद ऋतूपासून एमजीबीला काळे रबरी बंपर आले आणि गाडी सुमारे दीड इंच उंच झाली. याचे कारण अमेरिकेतील धडकेविषयीचे नवे नियम होते, कारण यातील बहुसंख्य गाड्या तिथेच विकल्या जात. दिसण्यात फरक पडला हे खरे आहे. सुरुवातीच्या दोन वर्षांत पुढचा अँटी-रोल बारही काढून टाकला होता, त्यामुळे वळणावर त्या गाड्या जास्त कलंडतात. परंतु १९७७ च्या मॉडेलपासून पुढे आणि मागे दोन्हीकडे हा बार बसवला गेला, रेडिएटरला विजेचा पंखा आला आणि ओव्हरड्राइव्ह, म्हणजे कळ दाबून लावायचा वरचा जादा गिअर, तर त्याआधीच सर्व गाड्यांना मिळू लागला होता. क्रोमची ओढ बाजारात इतकी जबर आहे की त्याच पैशांत रबर बंपरची गाडी एक-दोन पायऱ्या चांगल्या अवस्थेत मिळते. आपल्यासारख्या, वेल्डिंग न येणाऱ्या आणि रविवारी निश्चिंतपणे पीक डिस्ट्रिक्टपर्यंत जाऊन यायचे आहे अशा माणसाने ही सवलत घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. उंची पुढे कमी करता येते. कुजलेला सांगाडा मात्र हौसेने बरा होत नाही.

ओव्हरड्राइव्हचा आग्रह मी का धरतो, तेही सांगतो. चौथ्या गिअरमध्ये ताशी ७० मैलांवर एमजीबीचे इंजिन मिनिटाला सुमारे ३,९०० फेरे घेते. ओव्हरड्राइव्ह लावताच ते सुमारे ३,२०० वर येते. छप्पर उघडे असताना हा फरक कानांना आणि अंगाला जाणवतो, आणि पेट्रोलही वाचते. चाचणी घेताना चालत्या गाडीत तो कळ दाबून लावून-काढून पाहा. लागायला उशीर होत असेल तर बहुतेक वेळा विजेची जोडणी किंवा तेलाची पातळी एवढेच कारण असते, पण मुळीच लागत नसेल तर ‘किरकोळ वायरचे काम आहे’ या आश्वासनावर विसंबू नये.

इंजिनाची भीती बाळगू नका. १,७९८ सीसीचे हे बी-सीरीज इंजिन जुन्या घाटणीचे, जड आणि सोशिक आहे. याच कुळातले १,४८९ सीसीचे इंजिन आपल्या ॲम्बॅसिडरमध्ये होते, आणि सोलापूरच्या उन्हात तिला आपण किती सामान आणि किती माणसे घेऊन धावताना पाहिले असेल, ते आठवावे. विक्रेत्याला आधीच कळवा की इंजिन थंड ठेवा आणि पोहोचताच बॉनेटवर हात ठेवून खात्री करा. गरम करून ठेवलेले इंजिन सुरू होण्यातला त्रास लपवते. इंजिन पूर्ण तापल्यावर, गाडी रस्त्यावर चालत असताना तेलाचा दाब दर चौरस इंचाला ५० ते ८० पौंडांच्या दरम्यान असावा. जागेवर उभे असताना तो खाली येतो, ते चालते. सुटलेल्या ॲक्सिलरेटरवर उतार उतरून पुन्हा पाय दिल्यावर मागून निळा धूर आला, तर इंजिन तेल पिते आहे. मात्र चांगल्या सांगाड्यातले थकलेले इंजिन चालेल, कारण ते उतरवून दुरुस्त करता येते. उलट सौदा करू नये.

स्पोकची चाके असतील तर आणखी एक तपासणी आवश्यक आहे. गाडी जॅकवर असताना कोणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुढे-मागे हलवा. चाक ज्यावर बसते ते हब न हलता चाक हलत असेल, तर आतले दाते झिजले आहेत. अशी चाके व हब दोन्ही बदलावे लागतात आणि तो खर्च लहान नसतो. पहिल्या गाडीला साधी बोल्टची चाके असणे उत्तम, धुवायलाही सोपी.

स्पिटफायरबद्दल मला मनापासून आस्था आहे. तिची रेखाटणी इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांची आणि पाया ट्रायम्फ हेराल्डच्या आखूड केलेल्या चासीचा. हीच हेराल्ड मद्रासला ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावाने बनत असे आणि आपल्या वडिलांच्या पिढीने ती मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर पाहिलेली आहे. तिच्याकडून स्पिटफायरला दोन देणग्या मिळाल्या. एक म्हणजे अतिशय लहान जागेत वळण्याची क्षमता. दुसरी म्हणजे बॉनेट आणि दोन्ही मडगार्ड मिळून अख्खे नाकच पुढे उलटते, त्यामुळे चाकाच्या टायरवर बसून कार्ब्युरेटर, प्लग, डिस्ट्रिब्युटर, सगळ्यांवर आरामात काम करता येते. ज्याला दुरुस्ती शिकायची आहे, त्याच्यासाठी याहून सोयीची गाडी मी सांगू शकणार नाही. फिका रंग आणि उसवलेली सीट यांनी बिचकू नये. सीटचे खोळ तयार मिळतात. फिका रंग तर मला एक प्रकारे पसंतच आहे, कारण त्याच्याखाली काय आहे ते दिसते.

तिच्या तपासण्या थोड्या वेगळ्या आहेत. चासी वेगळी असली तरी ती मधल्या कण्यासारखी असून दारांखाली तिचा आधार नाही, म्हणून इथेही सिलवरच भार आहे. ‘चासीची गाडी आहे, सिलचे काय एवढे’ असे कोणी म्हटले तर ते मान्य करू नका आणि दाराच्या फटीची परीक्षा इथेही घ्या. यानंतर नाक उलटून ठेवा, इंजिन बंद ठेवा आणि एकाला क्लच दाबायला-सोडायला सांगून क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या टोकाची पुली निरखून पाहा. ती पुढे-मागे सरकताना डोळ्यांना सहज दिसली, तर आतले थ्रस्ट वॉशर झिजले आहेत. ते वेळीच बदलले तर खर्च थोडा असतो. गळून पडले तर मात्र क्रँक आणि ब्लॉक दोन्ही खराब होतात. १५०० इंजिनाच्या खालच्या बेअरिंगांचीही तक्रार असते, म्हणून इंजिन गरम झाल्यावर तळातून खोल ठोके ऐकू येतात का, हे लक्ष देऊन ऐका. तिसरी गोष्ट पुढच्या चाकांच्या खालच्या जोडाची, म्हणजे ट्रनियनची. त्यात ग्रीस नव्हे तर ईपी ९० हे गिअरचे घट्ट तेल भरायचे असते. तसे न केल्यास आतले आटे गंजतात, जोड तुटतो आणि चाक आडवे पडते. त्या गृहस्थांना सहज विचारा की ट्रनियनमध्ये काय भरता आणि शेवटचे कधी भरले. त्यांनी तेलाचे नाव चटकन सांगितले, तर गाडी कोणाच्या हाती वाढली ते आपल्याला कळेल, आणि मग किंमत ठरवताना फार ताणू नका.

इतर गाड्यांचा विचार मी आपल्यासाठी थोडक्यात उरकतो. एमजी मिजेट स्वस्त आणि फार खेळकर आहे, परंतु उंच माणसाचे गुडघे स्टिअरिंगला लागतात, तेव्हा बसून पाहिल्याशिवाय तिचा विचार करू नये. १,२७५ सीसीच्या मिजेटमध्ये मागच्या स्प्रिंगांच्या बैठकीचा पत्रा आवर्जून पाहावा लागतो. ट्रायम्फ टीआर ६ चे सहा सिलिंडरचे इंजिन ऐकून कोणीही मोहात पडेल, पण ती चांगल्या अवस्थेत आपल्या मर्यादेत बसत नाही, आणि स्वस्तात मिळाली तर ती का स्वस्त आहे हे लवकरच कळते. टीआर ७ ची उघडी आवृत्ती इंग्लंडमध्ये १९८० मध्ये आली. ती आरामशीर आहे, पाच गिअर आहेत आणि किंमतही कमी असते, मात्र इंजिन तापवलेले असेल तर ॲल्युमिनियमचे हेड वाकते. जॅग्वार ई-टाइप आणि लोटस एलान यांची नावे या हिशेबात घेण्यात अर्थ नाही.

कागदपत्रांत नोंदणीचे व्ही ५ सी आणि गाडीवरचा चासी क्रमांक जुळतात की नाही ते प्रथम पाहा. नोंदणी क्रमांक टाकला की गाडीच्या मागील एमओटी चाचण्यांची, म्हणजे ती रस्त्यावर चालण्यास योग्य आहे की नाही हे ठरवणाऱ्या वार्षिक तपासण्यांची नोंद सरकारी संकेतस्थळावर मोफत दिसते. तिथे ‘गंज’ हा शेरा कोणत्या वर्षी, कोणत्या जागी आला आणि पुढच्या वर्षी तो कसा नाहीसा झाला, हे वाचून बिलांशी ताडून पाहावे. चाळीस वर्षे ओलांडलेल्या आणि मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना २०१८ पासून एमओटीची सक्ती नाही. त्यामुळे अनेक गाड्या वर्षानुवर्षे कोणी खालून पाहिलेल्याच नसतात. आपण सौद्याची अट म्हणून नवी एमओटी करून घ्या, शुल्क आपण देऊ म्हणा, आणि चाचणीच्या वेळी स्वतः हजर राहा. उंच उचललेल्या गाडीखाली उभे राहून एका तटस्थ माणसासोबत पाहण्याची संधी इतक्या कमी पैशांत दुसरीकडे मिळत नाही. ही अट दोन्ही गाड्यांच्या मालकांसमोर ठेवा. कोण मान्य करते आणि कोण टाळते, तेही पुष्कळ काही सांगून जाईल.

आपल्या पत्नींचा प्रश्न रास्त आहे आणि त्यांना आकड्यांनीच उत्तर द्यायला हवे. ऐतिहासिक वर्गात नोंद झालेल्या गाडीला रस्ता कर लागत नाही, मात्र शून्य रकमेचा कर दरवर्षी ‘भरावा’ लागतो आणि मालक बदलताच तो नव्याने नोंदवावा लागतो. विमा जुन्या गाड्यांच्या खास योजनेतून घ्यावा. घरी रोजची दुसरी गाडी आहे, ही गॅरेजमध्ये राहते आणि वर्षाला ठरावीक मैलच चालते, असे सांगितल्यावर हप्ता बराच उतरतो, आणि गाडीची किंमत आधीच लेखी ठरवून घेतली की अपघातानंतर वाद होत नाही. पेट्रोल ई ५, म्हणजे पंपावरचे सुपर घ्यावे, कारण साध्या ई १० मधील इथेनॉल जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. इंजिनाच्या हेडमध्ये शिसेविरहित पेट्रोलला चालणाऱ्या कडक व्हॉल्व्ह-सीट बसवल्या आहेत का, हे विचारून ठेवावे. नसतील तर टाकीत मिसळायचे द्रव्य मिळते. प्लग, पॉइंट, फिल्टर, ब्रेकचे पॅड हे सारे या गाड्यांचे आजच्या गाड्यांपेक्षा स्वस्त आहे आणि घरी बसवता येते. घरातले पैसे खरोखर खाते ते वेल्डिंग आणि रंगकाम, म्हणून त्यांच्या शंकेचे निरसन खरेदीच्या दिवशीच होते किंवा होत नाही. मुलांबद्दल आपण लिहिले नाही, पण असतील तर हे ध्यानात ठेवा की आसने दोनच आहेत आणि एका वेळी एकालाच नेता येईल.

गाडी पाहायला जाण्याआधी क्लबचे सभासद व्हा. एमजी कार क्लब १९३० पासून आहे, एमजी ओनर्स क्लब १९७३ पासून, आणि स्पिटफायरसाठी ट्रायम्फ स्पोर्ट्‌स सिक्स क्लब आहे. वार्षिक वर्गणी फार नसते आणि बदल्यात जवळपासच्या शाखेतला एखादा जाणता सभासद गाडी पाहायला सोबत येतो. दोन-तीन सभासदांच्या गाड्यांत आधी बसून, शक्य तर चालवून पाहा, म्हणजे निरोगी गाडी कशी वाटते याचा अंदाज येईल आणि आजारी गाडी ओळखता येईल. घाई करू नका. ऑक्टोबरनंतर, थंडी-पावसात या गाड्यांची गिऱ्हाइके कमी होतात आणि विक्रेते समजुतीने बोलतात. एप्रिलच्या पहिल्या उन्हात तीच गाडी महाग होते.

खरेदीनंतर, आधी काय केलेले आहे याची पर्वा न करता, इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलचे तेल, ब्रेकचे द्रव, रेडिएटरचे पाणी आणि पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदलून घ्या. एमजीबी घेतलीत तर पुढच्या चाकांच्या किंगपिनना दर ३,००० मैलांनी ग्रीस द्यावे लागते. गाडी इतकी चालली नाही तरी वर्षातून एकदा ते चुकवू नका. पहिले दोन महिने घरापासून २०-२५ मैलांच्या आतच फिरा आणि दर फेरीनंतर गॅरेजच्या जमिनीवर पुठ्ठा अंथरून कोणते द्रव कुठे टपकते ते पाहत जा. दोन्ही गाड्यांच्या सिलची आणि स्पिटफायरच्या पुलीची पाहणी झाली की मला छायाचित्रांसह अवश्य कळवावे. किंमत किती सांगावी, ते त्यानंतरच बोलता येईल.